डिस्क एन्क्रिप्शन: आधी किल्ली सांभाळा, मग कुलूप लावा

काही महिन्यांपूर्वी एका मित्राचा लॅपटॉप मदरबोर्ड बदलून परत आला. सुरू केला, तर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की विचारली गेली. आपली डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवलेली आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं, मग की कुठून आणणार? डिस्क धडधाकट होती, एकही फाइल पुसली गेली नव्हती, तरी आठ वर्षांचं काम आणि घरचे फोटो त्याच्यासाठी संपले. त्या संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून मला काहीच करता आलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

विंडोजचा बिटलॉकर असो, मॅकचं फाइलव्हॉल्ट असो, लिनक्सचं लक्स असो की वेगवेगळ्या सिस्टिमवर चालणारं व्हेराक्रिप्ट, एन्क्रिप्शन सुरू करायचं बटण दाबणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. चुका होतात त्या बटणाच्या आधी आणि नंतर. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. दुसरा आणि चौथा टप्पा गाळून सहाव्यावर उडी मारू नका.

## टप्पा १: कशापासून वाचायचं आहे ते ठरवा

डिस्क एन्क्रिप्शन एका प्रसंगासाठी बनलेलं आहे: मशीन बंद आहे आणि ते दुसऱ्याच्या हाती पडलं आहे. चोरी झाली, प्रवासात विसरलं, दुरुस्तीला टाकलं, जुनी डिस्क भंगारात गेली. अशा वेळी लॉगिनचा पासवर्ड कुचकामी ठरतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळ्या फायली उघड्या. एन्क्रिप्ट केलेली डिस्क जोडली तर मात्र निरर्थक बाइट्सपलीकडे काही दिसत नाही. नीट निवडलेल्या पासवर्डमागचं एईएस (सर्वत्र वापरली जाणारी प्रमाण पद्धत) एन्क्रिप्शन फोडण्याचा व्यवहार्य मार्ग आज कोणाला माहीत नाही. जे हल्ले यशस्वी होतात ते किल्लीवर होतात, कुलपावर नाही.

मर्यादाही इथेच सुरू होते. तुम्ही पासवर्ड दिला, मशीन चालू झालं, की किल्ली मेमरीत असते आणि प्रत्येक प्रोग्रामला फायली उघड्याच मिळतात. व्हायरसला मिळतात, फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला मिळतात, तुम्ही चहाला उठल्यावर खुर्चीत बसणाऱ्यालाही मिळतात. ईमेलने पाठवलेली किंवा साध्या पेनड्राइव्हवर कॉपी केलेली फाइल एन्क्रिप्शनच्या बाहेर गेली असं समजा.

दुसरी मर्यादा बारीक आहे. बहुतेक आधुनिक डिस्क एन्क्रिप्शन एक्सटीएस पद्धतीने चालतं. ही पद्धत गुप्तता देते, पण कोणी छेडछाड केली तर ती ओळखू शकत नाही. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर कोणी बाइट बदलले, तर उघडताना तो १६ बाइटांचा तुकडा बिघडलेला दिसेल, पण डिस्क तक्रार करणार नाही. तसंच, तुमच्या डिस्कची प्रत कोणी दोनदा घेतली, तर मधल्या काळात कोणते सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) बदलले एवढं त्याला कळतं, मजकूर कळत नाही. घरगुती वापरात याची चिंता नको. पण 'एन्क्रिप्ट केलं म्हणजे कोणी हात लावला नसेल' असं गृहीत धरू नका.

तपासा: तुमची मुख्य भीती चोरी किंवा हरवणं ही असेल तर पुढे चला. भीती रॅन्समवेअरची किंवा चुकून फाइल पुसली जाण्याची असेल, तर तुम्हाला आधी बॅकअप हवा आहे. एन्क्रिप्शन त्या कामाचं नाही.

## टप्पा २: बॅकअप घ्या आणि तो उघडून पाहा

चालू डिस्क एन्क्रिप्ट करताना तिच्यावरचा डेटा वाचून, बदलून पुन्हा लिहिला जातो. मध्येच वीज गेली तरी बिटलॉकर बहुधा जिथे थांबला तिथून पुढे सुरू करतो, पण डिस्कच म्हातारी असेल तर हा ताण तिला पेलेलच असं नाही. एन्क्रिप्शननंतर खराब सेक्टरांची किंमतही वाढते. साध्या डिस्कवरून डेटा परत मिळवणारी साधनं तुकड्यातुकड्यांनी फायली जोडून देतात. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर किल्लीची माहिती असलेला भागच गेला, तर बाकीची डिस्क शाबूत असूनही काहीच हाती लागत नाही.

१. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कचं दुसरं पार्टिशन हा बॅकअप नव्हे.

२. डिस्कची स्मार्ट तपासणी करा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती पाहा. खराब किंवा प्रलंबित सेक्टरांचा आकडा शून्याहून जास्त दिसला, तर ती डिस्क एन्क्रिप्ट करू नका, बदला.

३. बॅकअपमधल्या वेगवेगळ्या फोल्डरांतल्या चार-पाच फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

इशारा: लॅपटॉप एन्क्रिप्ट केला आणि बॅकअपची डिस्क खणात उघडी ठेवली, तर चोराला लॅपटॉपची गरजच उरत नाही. बॅकअपच्या डिस्कचं काय करायचं ते दहाव्या टप्प्यात आहे. तोवर ती कुलपात ठेवा.

## टप्पा ३: एन्क्रिप्शन आधीच सुरू आहे का?

माझ्या मित्राचं नुकसान या प्रश्नामुळे झालं, म्हणून इथे थोडा थांबतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत, विशेषतः २४एच२ पासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने सेटअप केला की बऱ्याच मशीनवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप सुरू होतं. होम आवृत्तीतही होतं. तुम्ही कधी बिटलॉकरचं नाव ऐकलं नसेल, तरी तो तुमच्या मशीनवर असू शकतो.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि मॅनेज-बीडीई ही आज्ञा स्टेटस पर्यायासह (manage-bde -status) चालवा. उत्तरात दोन ओळी वेगवेगळ्या वाचा. एक ओळ डिस्क किती टक्के एन्क्रिप्ट झाली ते सांगते. दुसरी 'प्रोटेक्शन स्टेटस'ची. यातून तीन अवस्था निघतात:

- शून्य टक्के, प्रोटेक्शन ऑफ: काहीच केलेलं नाही.
- १०० टक्के, प्रोटेक्शन ऑन: काम झालेलं आहे. रिकव्हरी की शोधायला लगेच चौथ्या टप्प्यावर जा.
- १०० टक्के, प्रोटेक्शन ऑफ: सगळ्यात फसवी अवस्था. डेटा एन्क्रिप्ट झाला आहे, पण तो उघडणारी किल्ली त्याच डिस्कवर उघडी पडली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याऐवजी स्थानिक खातं वापरणाऱ्यांच्या मशीनवर ही अवस्था वर्षानुवर्षं तशीच राहते. बिटलॉकर तात्पुरता थांबवून पुन्हा सुरू करायचं राहून गेलं तरी हेच होतं.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये फाइलव्हॉल्टचं पान पाहा. टी२ चिप किंवा अ‍ॅपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकमध्ये डिस्क मुळातच एन्क्रिप्ट असते. फाइलव्हॉल्ट सुरू केल्यावर ती किल्ली तुमच्या पासवर्डशी बांधली जाते. म्हणूनच त्या मॅकवर फाइलव्हॉल्ट क्षणात सुरू होतं, आणि म्हणूनच ते बंद ठेवू नये. लिनक्सवर एलएसबीएलके (lsblk) ही आज्ञा चालवून रूट पार्टिशनसमोर, म्हणजे सिस्टिम असलेल्या भागासमोर, 'क्रिप्ट' हा प्रकार दिसतो का ते पाहिलं की पुरे.

## टप्पा ४: रिकव्हरी की आधी हातात घ्या

रिकव्हरी की म्हणजे शेवटची किल्ली. पासवर्ड विसरलात, मदरबोर्ड बदलला, फर्मवेअर (मशीनचं अंगभूत सॉफ्टवेअर) अपडेटनंतर टीपीएम चिपला, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपला, मशीन अनोळखी वाटलं, अशा सगळ्या वेळी हीच कामाला येते. बिटलॉकरची की ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. फाइलव्हॉल्टची २४ अक्षर-अंकांची असते. लक्समध्ये वेगळी की आपोआप बनत नाही. तिथे दुसरा सांकेतिक वाक्यांश (अनेक शब्दांचा पासवर्ड) दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे किल्लीच्या कप्प्यात, तुम्ही स्वतः जोडायचा असतो. लक्स २ मध्ये असे ३२ स्लॉट मिळतात.

डिस्क अजून एन्क्रिप्ट केलेली नसेल तर की सहाव्या टप्प्यात सुरू करताना मिळेल, तेव्हा लगेच खालच्या गोष्टी करा.

१. की कोणाच्या खात्यात गेली ते शोधा. विंडोज ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवतो ज्याने मशीन पहिल्यांदा सेट केलं. भाच्याने मशीन सुरू करून दिलं असेल तर त्याचं खातं, कामाच्या ईमेलने सुरू केलं असेल तर संस्थेचं. नोकरी सोडल्यावर ते खातं बंद होतं आणि की त्याच्याबरोबर जाते.

२. की कागदावर उतरवा. तिच्याबरोबर की आयडीची पहिली आठ अक्षरं, संगणकाचं नाव आणि तारीख लिहा. प्रत्येक डिस्कची, प्रत्येक पेनड्राइव्हची की वेगळी असते. नुसते ४८ अंक लिहिलेले तीन कागद सापडले, तर कोणता कशाचा ते ऐनवेळी कळत नाही.

३. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. एक घरात, एक विश्वासातल्या माणसाकडे. पासवर्ड मॅनेजरमध्येही ठेवा, पण तो फोनवर उघडतो याची खात्री करून.

४. की त्याच डिस्कवर साठवू नका. बिटलॉकर तसं करू देत नाही, पण नंतर तिचा फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवणारे पाहिले आहेत.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. बिघडलेली फाइल काढायला सेफ मोडमध्ये जावं लागत होतं, आणि बिटलॉकर असलेल्या मशीनना तिथे शिरायला रिकव्हरी की हवी होती. काही ठिकाणी या की ज्या सर्व्हरवर साठवल्या होत्या तेही बंद पडले होते. ज्या मशीनची की, तिच्यापासून पूर्णपणे स्वतंत्र जागी ती असली पाहिजे. एका लॅपटॉपलाही हा नियम तितकाच लागू आहे.

ऑनलाइन खात्यात की ठेवावी का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कंपनीकडे असलेली की कायदेशीर आदेशाने मागवता येते, आणि तुमच्या खात्यात घुसलेल्यालाही ती मिळते. त्या बदल्यात ती हरवण्याची शक्यता कमी होते. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांना फक्त चोरीची भीती आहे त्यांनी खात्यात ठेवावी आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. ज्यांच्या डिस्कवर दुसऱ्यांची गुपितं आहेत, म्हणजे वकील, पत्रकार, डॉक्टर, त्यांनी कागदच वापरावा.

तपासा: कागदावरची की आणि मॅनेज-बीडीईने दाखवलेली की अंकानुअंक जुळवा. दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगून जुळवली तर चूक सुटत नाही.

## टप्पा ५: पिन की पासवर्ड, आणि किती लांब

इथे एक फरक समजून घ्यायलाच हवा, कारण त्यावरून लांबी ठरते.

बिटलॉकर नेहमीच्या मांडणीत किल्ली टीपीएम चिपमध्ये ठेवतो. मशीन सुरू होताना काही बदललेलं नाही असं चिपला दिसलं, की ती किल्ली आपोआप सोडते. तुम्ही काहीच टाइप करत नाही. म्हणजेच चोरानेही बटण दाबलं की लॉगिनच्या पडद्यापर्यंत डिस्क उघडलेली असते आणि किल्ली मेमरीत असते. काही लॅपटॉपांत टीपीएम ही वेगळी चिप असते. अशा मशीनवर चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवर जोडणी करून किल्ली टिपता येते, हे संशोधकांनी प्रत्यक्ष करून दाखवलं आहे.

यावर उपाय म्हणजे सुरुवातीचा पिन. पिन दिल्याशिवाय चिप किल्ली सोडत नाही. टीपीएम २.० मध्ये विंडोजच्या मांडणीनुसार ३२ चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप पडतं, आणि पुढे दर १० मिनिटांना एक प्रयत्न मोकळा होतो. त्यामुळे सहा ते आठ अंकांचा पिनही पुरतो, फक्त जन्मतारीख किंवा फोनचे शेवटचे अंक नकोत. पिनची सोय विंडोज प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत मिळते. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायच्या साधनात) बिटलॉकरच्या ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हच्या विभागात 'सुरुवातीला अतिरिक्त पडताळणी' चालू करावी लागते. एकदा दहा मिनिटं जातात, पण लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याने ती द्यावीत.

लक्स आणि व्हेराक्रिप्टचं गणित निराळं आहे. तिथे मधे चिप नसते. चोर डिस्कची प्रत काढतो आणि आपल्या सोयीने, कितीही मशीन लावून, कितीही दिवस पासवर्ड ताडून पाहतो. प्रयत्न मोजणारं कोणी नाही. लक्स २ मधली पासवर्डपासून किल्ली बनवणारी आर्गॉन२ ही पद्धत प्रत्येक प्रयत्नाला भरपूर वेळ आणि मेमरी खायला लावते, तरी सहा अंकी पिन इथे टिकत नाही. इथे सांकेतिक वाक्यांश हवा. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेले सहा शब्द सुमारे ७७ बिटांची ताकद देतात. शब्द फाशांनी निवडायचे, मनाने नाही. मनाने निवडलेले शब्द गाण्यांच्या, देवांच्या, गावांच्या नावांकडेच वळतात.

इशारा: वाक्यांश रोमन अक्षरांत ठेवा. डिस्क उघडण्याआधीच्या पडद्यावर देवनागरी कळफलक नसतो, आणि बहुतेक वेळा अमेरिकन मांडणी गृहीत धरलेली असते. चिन्हं वापरत असाल तर ती त्या मांडणीत कुठल्या कळेवर येतात ते पाहून घ्या. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायचे असतील तर स्पेलिंग पक्कं करा. 'झाड' हा शब्द आज एका प्रकारे आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच प्रकारे टाइप होतो, आणि डिस्क उघडत नाही.

## टप्पा ६: आता सुरू करा

लॅपटॉप चार्जरला लावा. स्लीप बंद करा. फर्मवेअरचे प्रलंबित अपडेट आधी उरकून घ्या.

विंडोज. बिटलॉकर सुरू करताना 'फक्त वापरलेली जागा' की 'संपूर्ण ड्राइव्ह' असं विचारलं जातं. मशीन कोरं असेल तर पहिला पर्याय योग्य. वापरात असलेल्या मशीनवर दुसराच निवडा, मग कितीही तास लागोत. पुसलेल्या फायलींचे अवशेष मोकळ्या दिसणाऱ्या जागेत असतात, आणि पहिला पर्याय त्यांना हात लावत नाही.

एसएसडीच्या बाबतीत 'संपूर्ण'सुद्धा पूर्ण नसतं. एसएसडी झीज वाटून घेण्यासाठी एकच सेक्टर वेगवेगळ्या जागी लिहीत राहते, आणि जुनी प्रत एखाद्या बाजूला पडलेल्या तुकड्यात राहू शकते. म्हणून नियम असा: गुपित डेटा डिस्कवर यायच्या आधी एन्क्रिप्शन सुरू करा. नवा लॅपटॉप घेतला की पहिल्याच दिवशी.

एन्क्रिप्शनची पद्धत पाहताना 'हार्डवेअर एन्क्रिप्शन' असं दिसलं तर थांबा. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रूशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडींचं अंगभूत एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय उघडता येतं हे दाखवलं. त्या वेळी बिटलॉकर अशी डिस्क दिसली की सगळं काम तिच्यावर सोपवत असे. सप्टेंबर २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने नव्याने एन्क्रिप्ट होणाऱ्या डिस्कसाठी हे वर्तन बदललं, पण आधीच्या डिस्क जशा होत्या तशाच राहिल्या. तुमची त्यांतली असेल तर पूर्ण डिक्रिप्ट करून सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनने पुन्हा करा.

मॅक. फाइलव्हॉल्ट सुरू करा आणि रिकव्हरी की स्वतःकडे ठेवायची की खात्याशी जोडायची ते चौथ्या टप्प्यात ठरवल्याप्रमाणे निवडा.

लिनक्स. सर्वांत सुरक्षित वेळ इन्स्टॉल करतानाची. चालू सिस्टिम जागच्या जागी बदलता येते, पण बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल करणं कमी त्रासाचं आहे. स्वॅपही (मेमरी कमी पडली की वापरला जाणारा डिस्कचा भाग) एन्क्रिप्ट झाला पाहिजे, नाहीतर मेमरीतला मजकूर तिथे उघडा सांडतो. बूट पार्टिशन बहुतेक मांडण्यांत उघडंच राहतं, हे लक्षात असू द्या.

व्हेराक्रिप्ट. सिस्टिम डिस्कसाठी तो आधी एक चाचणी बूट करायला लावतो आणि रेस्क्यू डिस्क बनवून देतो. दोन्ही गाळू नका.

वेगाची काळजी करण्याचं कारण फारसं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास सर्व लॅपटॉप प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास आज्ञा असतात. अतिवेगवान एसएसडीवर मोजणीत फरक दिसतो, पण रोजच्या कामात तो सहसा जाणवत नाही.

## टप्पा ७: कुलूप खरंच लागलं का, किल्ली खरंच लागते का

हा टप्पा जवळपास कोणीच करत नाही. कृपा करून करा.

१. मशीन पूर्ण बंद करून सुरू करा. पिन किंवा वाक्यांश विचारला जातो का?

२. विंडोज किंवा लिनक्सच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि आतली डिस्क उघडून पाहा. फायली दिसल्या तर एन्क्रिप्शन झालेलं नाही, मग सेटिंग्जचं पान काहीही म्हणो. या कामासाठी सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरनेच मशीन सुरू होऊ देणारी सोय) बंद करू नका, नाहीतर पुढच्या वेळी रिकव्हरी की विचारली जाईल.

३. तिथूनच, कागदावरची रिकव्हरी की टाइप करून डिस्क उघडा. विंडोजच्या पेनड्राइव्हवरच्या कमांड प्रॉम्प्टमधून मॅनेज-बीडीईने हे करता येतं. लक्समध्ये क्रिप्टसेटअप (cryptsetup) या आज्ञेला नुसता वाक्यांश तपासायला सांगता येतं. मॅकवर एफडीईसेटअप (fdesetup) या आज्ञेत की तपासायचा पर्याय आहे.

४. लक्स किंवा व्हेराक्रिप्ट असेल तर हेडरची, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागाची, प्रत घ्या. लक्स २ चा हेडर साधारण १६ मेगाबाइटांचा असतो आणि डिस्क उघडणारी मुख्य किल्ली त्यातच, वाक्यांशाने झाकलेली असते. तो भाग चुकून पुसला गेला तर अचूक वाक्यांशही निरुपयोगी.

इशारा: वाक्यांश बदलला म्हणजे जुना मेला असं नाही. बदलतं ते मुख्य किल्लीवरचं झाकण. मुख्य किल्ली तीच राहते. जुन्या हेडरची प्रत किंवा जुनी रेस्क्यू डिस्क कोणाकडे असेल आणि त्याला जुना वाक्यांश माहीत असेल, तर तो आजची डिस्क उघडू शकतो. वाक्यांश फुटल्याची शंका आली तर जुन्या प्रती नष्ट करा आणि डिस्क नव्या किल्लीने पुन्हा एन्क्रिप्ट करा.

## टप्पा ८: रोजची सवय

झाकण मिटलं की बहुतेक लॅपटॉप स्लीपमध्ये जातो. तेव्हा मेमरीला वीज मिळत राहते आणि किल्ली मेमरीतच असते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की वीज तोडल्यावरही मेमरीतला मजकूर काही काळ टिकतो, आणि चिप उणे ५० अंशांपर्यंत थंड केली तर १० मिनिटांनंतरही त्यातले १ टक्क्यांहून कमी बिट बिघडतात. एवढा वेळ किल्ली काढून घ्यायला पुरेसा आहे.

म्हणून मशीन नजरेआड होणार असेल, प्रवासात, हॉटेलच्या खोलीत, सामानाच्या खोलीत, तर ते बंद करा किंवा हायबरनेट करा. हायबरनेटमध्ये मेमरीतलं सगळं एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर लिहिलं जातं आणि वीज तुटते. विंडोजमध्ये हा पर्याय पॉवर सेटिंग्जमध्ये बहुधा लपवलेला असतो, तो एकदा चालू करून झाकणाला जोडा. मात्र सुरुवातीचा पिन नसेल तर हायबरनेटचा फायदा अर्धाच, कारण उठताना टीपीएम किल्ली पुन्हा आपोआप सोडते.

दुसरा धोका असा की कोणीतरी तुमच्या गैरहजेरीत मशीनमध्ये फेरफार करून ते जागेवर ठेवतो, तुम्ही परत येऊन पासवर्ड टाइप करता आणि तो टिपला जातो. सुरक्षा संशोधक जोआना रुटकोवस्का यांनी २००९ मध्ये ट्रूक्रिप्टवर (व्हेराक्रिप्टचा पूर्वज) हा प्रकार करून दाखवला. सिक्युअर बूट चालू ठेवणं आणि फर्मवेअरला पासवर्ड लावणं याने तो अवघड होतो, अशक्य होत नाही. मशीन अनोळखी हातात राहून आलं असेल आणि तुमचा डेटा त्या दर्जाचा असेल, तर त्यावर पासवर्ड टाइपच करू नका.

## टप्पा ९: अपडेट आणि दुरुस्तीच्या आधी

बायोस (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) अपडेट, मदरबोर्ड बदलणं, सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावणं, यांतल्या कशानेही टीपीएमला मशीन बदललेलं दिसू शकतं.

१. रिकव्हरी कीचा कागद काढून समोर ठेवा. बॅगेत नको, समोर.

२. बायोस अपडेट करणार असाल तर बिटलॉकर 'सस्पेंड', म्हणजे तात्पुरता स्थगित, करा. पूर्ण डिक्रिप्ट करण्याची गरज नाही.

३. काम झाल्यावर प्रोटेक्शन पुन्हा चालू झालं का ते टप्पा ३ प्रमाणे पाहा.

४. दुरुस्तीला देताना सस्पेंड करून देऊ नका. तसं केलं तर किल्ली डिस्कवर उघडी जाते. डिस्क काढता येत असेल तर काढून घ्या. पासवर्ड हवाच असं दुकानदार म्हणाला तर कारण विचारा. स्क्रीन किंवा बॅटरी बदलायला तो लागत नाही.

## टप्पा १०: बाहेरच्या डिस्क आणि पेनड्राइव्ह

फक्त विंडोजवर वापरायची असेल तर बिटलॉकर टू गो, वेगवेगळ्या सिस्टिमवर फिरवायची असेल तर व्हेराक्रिप्ट. बॅकअपच्या डिस्कला लॅपटॉपपेक्षा वेगळा वाक्यांश द्या, आणि तो फक्त लॅपटॉपमधल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असू नये. लॅपटॉप मेल्यावरच बॅकअप लागतो, आणि तेव्हा त्याचा वाक्यांश लॅपटॉपमध्ये अडकलेला असतो.

इशारा: व्हेराक्रिप्टने पूर्ण एन्क्रिप्ट केलेली डिस्क जोडली की विंडोजला ती रिकामी वाटते आणि तो 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं सुचवतो. तिथे 'हो' म्हटलं की हेडरवर नवीन मजकूर लिहिला जाऊ शकतो. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा आणि डिस्कवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: 'फॉरमॅट करू नका'. डिस्क काढताना आधी व्हेराक्रिप्टमधून डिस्माउंट (बंद) करा, मग केबल ओढा.

## टप्पा ११: मशीन विकताना किंवा टाकून देताना

एन्क्रिप्शनचा एक मोठा फायदा इथे मिळतो. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट असलेल्या डिस्कवरची किल्ली नष्ट केली की सगळा डेटा गेला. तासन् तास शून्यं लिहीत बसायला नको. लक्समध्ये क्रिप्टसेटअपची पुसण्याची आज्ञा सगळे स्लॉट नष्ट करते. अ‍ॅपल चिप किंवा टी२ असलेल्या मॅकवर 'सर्व मजकूर आणि सेटिंग्ज पुसा' हेच करतं. विंडोजमध्ये रिसेट करताना सगळं काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय घ्या.

कधीच एन्क्रिप्ट न केलेल्या एसएसडीवर नुसतं वरून लिहिणं पुरत नाही, कारण बाजूला काढलेले तुकडे तसेच राहतात. तिच्या निर्मात्याचं सिक्युअर इरेज साधन वापरा. डिस्क बिघडून ते चालत नसेल तर ती विकू नका, चिपा फोडून टाका.

पुसून झाल्यावर पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून डिस्क रिकामी दिसते का ते पाहा. हेडरच्या साठवलेल्या प्रती असतील तर त्याही नष्ट करा, कारण त्यांच्या आधाराने डिस्क पुन्हा उघडू शकते. जुन्या रिकव्हरी कीचा कागद मात्र लगेच फाडू नका. नव्या मशीनवर दुसरा, चौथा आणि सातवा टप्पा पूर्ण झाला, नव्या कागदावरची की टाइप करून डिस्क उघडली, की मग जुना कागद फाडा.